स्टुदेना ओढ्यातल्या गोगलगाई

ब्रेझिना, ४ मे २००३

प्रिय क्वेता,

अनेक आशीर्वाद. तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. त्यावरचा ससा बघून काका म्हणाले, "ओटिलिया, या सशालाही तुझ्यासारखाच मोतीबिंदू झालाय." तेव्हा त्यांची तब्येत बरी आहे असं समज. निदान जीभ तरी शाबूत आहे.

आमच्याकडे यंदा बर्फ उशिरा वितळलं. प्लमची झाडं आत्ता कुठे फुलायला लागलीत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं. डॉक्टर म्हणतो अजून पिकला नाही. जसं काही मी डोळ्यात फळ वाढवतेय. पुलाजवळच्या लाकूडवाल्या गेज़ाची घोडी व्याली. शिंगरू मागच्या पायांकडून येत होतं, म्हणून तो धावत काकांना बोलवायला आला. काकांचे हात आता फार थरथरतात, म्हणून ते नुसते शेजारी उभे राहून सांगत होते आणि गेज़ा करत होता. शिंगरू जगलं. गेज़ा म्हणाला, "डॉक्टर, तुमचे हात गेले तरी डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं." काका त्यावर हसले नाहीत.

तू जूनमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन येणार असं लिहिलंयस. क्वेता, यंदा नको येऊस. माळा गळतोय, तुम्ही झोपाल कुठे? ओढ्याकडची पायवाट बर्फाच्या पाण्याने खचलीय. आणि माझ्या या अशा डोळ्यांनी इतक्या जणांचा स्वयंपाक करायचा म्हणजे कोबीच्या सूपमध्ये काय पडेल याचा नेम नाही. पुढच्या वर्षी ये. किंवा शरद ऋतूत ये, एकटीच, नुसती गप्पा मारायला.

पाण्याचं विचारलंस. पाणी छान आहे. इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. तळाचा दगड न् दगड दिसतो.

स्वतःला जप. ब्रनोमध्ये तुम्ही लोक जेवणाच्या वेळेला कॉफी पिता म्हणे. ती सवय सोड.

तुझी,
ओटिलियामावशी


ब्रेझिना, २५ मे

प्रिय क्वेता,

तुझं पत्र वाचून हसू आलं. तंबूत झोपू म्हणतेस, आणि स्वयंपाक तू करणार, सगळ्यांना हलुश्की करून घालणार! बाळा, तुझ्या हातची हलुश्की मी खाल्ली आहेत. ते बटाट्याचे गोळे आम्ही नंतर कोंबड्यांना घातले, तर कोंबड्यांनीही माझ्याकडे बघितलं.

पण खरंच येऊ नकोस.

तुला कुठून तरी कळेलच, त्यापेक्षा मीच सांगते. पुलाखाली ट्राउट मरून पडले होते. पुष्कळ होते. मासेमारी मंडळाच्या लोकांनी ओरड केली, मग पाणी खात्याची माणसं आली. पुलाजवळचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. त्यात तांबं निघालं. पुलाच्या थोडं वर गेज़ाचं लाकडांचं आवार आहे ते तुला माहीतच आहे. कुंपणाचे खांब कुजू नयेत म्हणून तो ते मोरचुदाच्या पाण्यात बुडवून ठेवतो, त्याची ती निळी टाकी. झालं. त्यांनी टाकी बघितली आणि आवाराला सील लावलं. परवाना गेला.

गेज़ा आमच्याकडे आला होता. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही त्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील. माझी टाकी गळत नाही हो. गळली असती तर आधी माझीच घोडी मेली असती, ती तिथलंच पाणी पिते."

काका म्हणाले, "बघतो."

त्यानंतर तो गेला. त्याची बायको टेरका फाटकाशी थांबली होती, ती आत आली नाही.

बाकी काकांनी दरवर्षीसारखी पक्ष्यांसाठी जाळी लावायला सुरुवात केलीय. जाळ्यातून पक्षी मीच सोडवते, हातात मीच धरते. ते फक्त बघतात. काल लालछाती पाखराची एक मादी सापडली. पोटावरची पिसं त्यांनी फुंकरीने बाजूला केली. त्वचा अगदी स्वच्छ. एकही गाठ नाही. मग काळटोपीचा नर, तोही स्वच्छ. क्वेता, लग्नाच्या दिवशीही हा माणूस इतका हसला नव्हता. मी म्हटलं, "अजून मे महिना आहे. गाठी दिसायला उन्हाळा चढावा लागतो, तूच सांगतोस." तर म्हणाले, "तू गप गं. मला बघू दे."

या वातावरणात पाहुणे नकोत एवढंच माझं म्हणणं. गावात लोक चिडलेले आहेत. तू बाहेरून आलेली, बाटल्या आणि चिमटे घेऊन ओढ्यात उतरलीस तर लोकांना वाटेल तूही पाणी खात्याचीच.

हात जोडते. येऊ नकोस.

तुझी,
ओटिलियामावशी


ब्रेझिना, २२ जून

क्वेता,

तुझं छोटं पत्र आलं. "मावशी, तुम्ही माझ्यापासून काय लपवताय?" एवढंच. सही सुद्धा नाही.

हे पत्र मी टपालपेटीत टाकीन की नाही ते मला अजून माहीत नाही. काका तिकडे बागेत जाळ्याची दोरी ओढायचा प्रयत्न करतायत. ती गाठ त्यांना बसत नाहीये. मी उठून जात नाहीये.

पाण्यातला मोरचूद गेज़ाच्या टाकीतून आलेला नाही. तो ओढ्याच्या उगमापाशी ओतलेला आहे. जिथे जिथे डोंगरातून पाणी झिरपतं, शेवाळाखालून झरे निघतात, त्या प्रत्येक ठिकाणी. आणि तो माझ्या नवऱ्याने, वेंडेलिनने, ओतला.

आता लिहिलंच आहे तर नीट सांगते.

गेल्या उन्हाळ्यात तू होतीस. लालछातीची, काळटोपीची ती पिल्लं तू पाहिलीस. मांड्यांवर, गुदद्वाराभोवती वाटाण्याएवढ्या गाठी, प्रत्येक गाठीत त्या चपट्या कृमींची जोडी. विष्ठा बाहेर पडायची वाटच बंद. उडायला जायची आणि फांदीखालीच पडायची. पूर्वी वेंडेलिन बारीक कात्रीने गाठ उघडायचा, कृमी काढायचा, आयोडीन लावायचा आणि पाखरू सोडून द्यायचा. त्यातली काही पुढच्या वर्षी पायात आमची कडी घेऊन परत आलेली तूही बघितलीस. त्याच्यासाठी तेवढं एक कारण पुरेसं होतं, सकाळी उठायला.

तू परत गेल्यावर सप्टेंबरात एक मादी सापडली. पायात आमचीच कडी, कितीतरी वर्षांची ओळख. मी म्हटलं मी कापते. तो म्हणाला, तुला दिसत नाही. मला दिसत नव्हतं हे खरं. आणि त्याचा हात थरथरत होता हेही खरं. कात्री गाठीत न जाता पोटात गेली. ती त्याच्या तळहातावरच मेली. तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ तसाच चालू राहिला. त्यानंतर त्याने कात्री कुठे ठेवली ते मला माहीत नाही. मी शोधलीही नाही.

एकेक पाखरू हातात घेऊन वाचवणं संपलं होतं. मग हिवाळाभर तो खिडकीशी बसून राहिला. मला वाटलं मन मरतंय. मन मरत नव्हतं. तो मेंढ्यांचा विचार करत होता. तरुणपणी, सहकारी शेतीच्या दिवसांत, मेंढ्यांच्या यकृतात असेच चपटे कृमी व्हायचे. तेव्हा हे जनावरांचे डॉक्टर ओल्या कुरणांवर मोरचूद टाकायचे. गोगलगाय मेली की कृमीचं बालपण संपलं. त्या कामाबद्दल त्याला पदक दिलं होतं. ते अजून कपाटात आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. आमच्या ओढ्यातही सगळं एका गोगलगाईपासूनच सुरू होतं हे त्याला तूच सांगितलंस. आमच्या स्वयंपाकघरात. गव्हाच्या दाण्याहूनही लहान अशी ती झऱ्यातली गोगलगाय तू माझ्या बशीत ठेवलीस, भिंग त्याच्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "काका, हा बघा, सापडला चोर!" या गोगलगाईतून कृमी पाण्यातल्या माश्यांच्या अळ्यांत जातो, अळीची माशी होते, ती माशी पाखराच्या पोटात जाते. किती आनंदात सांगत होतीस. आम्ही बाटली उघडली, स्लिवोवित्सा प्यायलो, तू टेबलावर बसून गाणं म्हटलंस. मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. आनंदाने सांगितलेल्या गोष्टीचा कुणी असा उपयोग करील हे तुला कसं कळावं? मीही तिथेच बसले होते. मलाही कळलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मी डोळ्यांसाठी शहरात गेले होते, बहिणीकडे मुक्कामाला. जुन्या सहकारी गोदामाची किल्ली त्याच्याकडे अजून होती. तिथे मोरचुदाची पोती पडलेली होती, कुणी विचारत नव्हतं. जाळ्यांचे खांब वाहायची ती घसरगाडी घेऊन शेवटच्या बर्फावरून त्याने पोती वर नेली. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही त्याने. मी परत आले तेव्हा त्याच्या स्वेटरच्या बाह्या निळ्या होत्या आणि तो भूक लागली म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मी विचारलं, "हे काय केलंस?"

"जे कुणीतरी करायलाच हवं होतं ते."

"ती कुरणं होती वेंडेलिन. हा ओढा आहे."

"कृमी तो कृमीच."

"आणि मासे?"

"मासे काय, वरून परत येतील."

"वरून कुठून? वर तर तूच ओतलंस."

त्यावर त्याने सूपाचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "ओटिलिया, मला एक उन्हाळा दे. एकच. एकाही पिल्लाच्या पोटावर गाठ नसलेला. मग मी स्वतः जाऊन सगळ्यांना सांगतो."

मी दिला. हे पाणी पुलापर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं. गेज़ा तर डोक्यातही नव्हता.

मी परवा वर जाऊन आले. तू दगड उलटून दाखवायचीस ना, खाली चिकटून बसलेल्या त्या अळ्या, तीन शेपट्यांच्या? मी दगड उलटत गेले. खाली काही नाही. शेवाळसुद्धा काळं पडलंय. पाण्याचा आवाज तेवढा येतो. धबधब्यामागे धोबी पक्ष्याचं घरटं होतं, दरवर्षीचं. पिल्लं घरट्यातच सुकली होती, चोची उघड्या. मादी दगडावर उभी होती, शेपूट हलवत. तोंडात काहीच नव्हतं.

पाणी खात्याच्या माणसांनी फक्त पुलापाशी बघितलं. गेज़ाच्या आवाराच्या वर कुणी गेलं असतं तर एका दगडात कळलं असतं. तू आली असतीस तर पहिल्यांदा वरच गेली असतीस. म्हणून मी तुला नको नको म्हणत होते. माळा गळत नाही.

तो हाक मारतोय. गाठ सुटली असावी.

ओटिलिया


ब्रेझिना, १७ ऑगस्ट

क्वेता,

तुझी हिरवी गाडी पुलावर उभी होती. मी घरातून पाहिली, लांबचं मला अजून दिसतं. मला वाटलं ओढ्याच्या उगमाशी जाऊन मग आमच्याकडे येशील. मी पाणी गरम करायला ठेवलं, खसखशीची पोळी भट्टीतून काढली. तू बरीच उशिरा खाली आलीस, बूट बदललेस, गाडीत बसलीस. आमच्या घराकडे एकदा पाहिलंस. मी पडद्यामागे होते. मग गेलीस.

तू आली नाहीस ते बरोबर केलंस असं मी म्हणत नाही, चूक केलंस असंही म्हणत नाही. मला नुसतं सांगायचं होतं की मी पाहिलं.

त्यानंतर मी गेज़ाकडे गेले. तो आवाराबाहेर ओंडक्यावर बसला होता. आत जायला मनाई, म्हणून बाहेर. त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, जसं तुला पाठवलेल्या जूनच्या पत्रात लिहिलं तसंच. तो माझा विद्यार्थी आहे, तिसरीत कायम मागच्या बाकावर. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"बाई, हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"सुरुवातीपासून."

"म्हणजे मी टोपी हातात धरून तुमच्या दारात उभा होतो तेव्हा?"

"हो."

"आणि तुम्ही मला बस म्हणालात."

मग तो उठला आणि सरळ आमच्या घराकडे चालायला लागला. मला त्याच्या मागे पळता येईना. मी पोचले तेव्हा तो टेबलाशी बसलेला, समोर वेंडेलिन. दोघांत पेला होता. वेंडेलिन तो उचलायचा प्रयत्न करत होता आणि अर्धा त्याच्या हातावर सांडला होता.

गेज़ा म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याजागी दुसरा कुणी असता ना, तर आत्ता मी त्याला खिडकीतून बाहेर टाकला असता. माझ्या बापाच्या गाईला तुम्ही वाचवलंत. एप्रिलात माझ्या घोडीलाही. मी कुणाला मारू, सांगा ना? या हातांना?"

वेंडेलिन म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत थांब. पक्षी स्वच्छ निघतायत. मी स्वतः जाऊन सांगेन."

"पक्षी?" गेज़ा म्हणाला. "टेरका बहिणीकडे निघून गेली. दुकानात माझ्याशी कुणी बोलत नाही. आणि तुम्ही मला पक्षी सांगताय?"

मग तो हसायला लागला. मला ते ऐकवलं नाही, मी दारातच उभी राहिले.

सप्टेंबरची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघेही शहरात पाणी खात्याच्या कचेरीत गेलो. गेज़ाच्या ट्रकमधून. तिथल्या साहेबाने वेंडेलिनचं सगळं ऐकून घेतलं. तुझंही पत्र त्याच्या टेबलावर होतं. वर काहीही जिवंत नाही असं तू लिहिलेलं. तो वेंडेलिनच्या हातांकडे बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, यांनी पोती वर नेली? यांनी? घरी घेऊन जा त्यांना. म्हातारपणी माणसाला वाटतं आपणच सगळं केलं." मी म्हटलं, त्यांनीच केलं. तो म्हणाला, असेल. पण आवाराची तपासणी झालेली आहे आणि टाकीच्या खालच्या बाजूला एक भेग सापडलेली आहे. भेग ती भेगच. प्रकरण मिटलेलं आहे.

भेग होती, क्वेता. गेज़ालाही माहीत नव्हती. बारीकशी, थेंबथेंब पाझरणारी. तिने एक मासा मेला नसता. पण आता कागदावर तीच आहे.

बाहेर आल्यावर वेंडेलिनला पायऱ्या उतरता येईनात. गेज़ाने त्याला दंडाला धरून खाली आणलं, ट्रकमध्ये बसवलं, त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली. हे करताना त्याने त्याच्याकडे बघितलं नाही.

ओटिलिया


ब्रेझिना, १२ ऑक्टोबर

प्रिय क्वेता,

तुझं पत्र मिळालं. पुन्हा लिहिशील असं मला वाटलं नव्हतं. तू पश्चिमेकडचा दुसरा ओढा निवडलास, तिथेही त्या गोगलगाई आहेत आणि काम चालू राहील, हे वाचून बरं वाटलं. खोटं नाही. आमच्या ओढ्यात काय परत येईल आणि केव्हा, हे तू लिहिलं नाहीस. मीही विचारणार नाही.

इथलं सांगते. गेज़ाने घोडी आणि शिंगरू विकलं. तो ऑस्ट्रियाला गेला, तिथल्या कुठल्याशा लाकडाच्या कारखान्यात. जायच्या आधी आला नाही. दरवर्षी पाऊस पडायच्या आत तो आमच्या भिंतीला हिवाळ्याची लाकडं रचून जायचा. यंदा भिंत उघडी आहे. मी गावातल्या एकाला सांगितलंय, तो आणीन म्हणतो. टेरका आवाराची विक्री करायला आली होती तेव्हा रस्त्यात भेटली. मी थांबले. ती थांबली नाही.

तुला सांगायला हवं अशी गोष्ट सप्टेंबरात घडली. सकाळी जाळ्यात याच वर्षीची एक लालछाती सापडली, छातीवर अजून ठिपके, तांबडा रंग नुकता चढायला लागलेला. मी हातात घेतली तेव्हाच बोटांना लागलं. मला आता डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त कळतं. मला वाटलं सांगू नये. पण वेंडेलिन खुर्ची ओढून जवळ आला होता आणि म्हणाला, "दाखव."

मी पिसं फुंकली. गाठी होत्या. मांडीवर, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी. गेल्या वर्षीच्या कुठल्याही पाखरापेक्षा जास्त.

त्याने विचारलं, "ही कुठून आली?"

"मला काय माहीत? डोंगरापलीकडून असेल."

"पलीकडे ओढा आहे," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पलीकडेही ओढा आहे. त्याच्या पलीकडेही."

मी म्हटलं, मी कापून बघते, तू सांग कुठे. त्याने मान हलवली. पाखरू माझ्याकडून घेतलं. इतका हात थरथरत होता की मला वाटलं निसटेल, पण दोन्ही तळहात जुळवून त्याने ते धरलं. पाखरू शांत होतं, बहुतेक दमलेलं. मग त्याने हात उघडले. ते हेझलच्या झुडपाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसलं, पंख पसरून, तोल सावरत. वर जायला बघितलं आणि जमलं नाही. आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो. ते जमिनीवर उतरून पाचोळ्यात शिरलं तेव्हा वेंडेलिन म्हणाला, "जाळी काढून टाक."

मी काढली. ती त्याच दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकली.

त्यानंतर तो फारसा बोलत नाही. मी भरवते. कधी तोंड उघडतो, कधी नाही. डॉक्टर आले होते. ते म्हणाले हा आजार असाच वाढत जातो, यात काही अचानक घडलेलं नाही. मी त्यांना काही सांगितलं नाही. एकदा मी त्याला रागाने म्हटलं, "इतके जीव घेतलेस ते कशासाठी? बघ तरी माझ्याकडे." त्याने बघितलं. क्वेता, त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे फक्त ते पाखरू होतं, पाचोळ्यात शिरणारं.

काल ऊन पडलं होतं म्हणून खिडकी उघडली. कुंपणावर लालछाती गात होती. शरदातलं त्यांचं ते गाणं, बारीक, तुटक, तुला आवडायचं ते. वेंडेलिनने डोकं उचललं. कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलला.

"ही आजारी आहे का?"

"आवाजावरून कसं कळणार?"

"नाही कळत," तो म्हणाला. "आजारी असतात तीही अशीच गातात." आणि खिडकी लाव म्हणाला.

मी लावली.

एक मागणं आहे. तुझं संशोधन छापून येईल तेव्हा त्यात त्याचे आभार मानू नकोस. इतकी वर्षं तू मानत आलीस, त्याला ते वाचून किती बरं वाटायचं ते मी बघितलंय. पण आता नको. आणि त्याची निंदाही लिहू नकोस. नाव गाळून टाक, बस. जणू या खोऱ्यात कुणी राहतच नव्हतं.

तू लिहिलंस की हिवाळा संपल्यावर येऊन जाशील, ओढ्यासाठी नाही, आम्हाला भेटायला. येऊ नकोस असं आता मी लिहिणार नाही, ते माझं पुरेसं लिहून झालंय. पण मी वाटही बघणार नाही. आलीस तर दार उघडं असेल, आणि घरात एक बाई असेल, बहुधा एकटीच.

मावशी हा शब्द खाली लिहायला हात गेला होता. तो तू मला दिला होतास. पुन्हा द्यावासा वाटेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे.

ओटिलिया